रुखमिणीचा टाक

चांदीचं काम चालणाऱ्या घरात काही गोष्टी करायच्या नसतात. पवनीला ढोमण्यांच्या घरी त्या कुणी भिंतीवर लिहून ठेवल्या नव्हत्या, पण लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यातच कळायच्या. समोरच्या खोलीत कांदा चिरायचा नाही. पाटावर काम असेपर्यंत अंडी उकडायची नाहीत. चांदीच्या पुडीला रबर लावायचं नाही, ती पेपरात गुंडाळायची नाही, लोकरीच्या कपड्याजवळ ठेवायची नाही. आणि कितीही घाई असली तरी उघड्या बोटानं तिला धरायचं नाही.

"चांदी चुगलखोर हाय," रुखमिणीबाई म्हणायच्या. "कोनं हात लावला ते दुसऱ्या दिवशी सांगून देते."

वासुदेवराव ढोमणे खोदकाम करायचे. दागिना घडवणारे सोनार वेगळे. त्यांचं घडवून झालं की वेल, मोर, नाव, तारीख कोरायला ते वासुदेवरावांकडे यायचे. दोनचार पोलादी कलमं, पत्रा धरून ठेवायला लाखेचा गोळा, डोळ्याला लावायचं भिंग, एवढंच त्यांच्या पाटावर असायचं. बाकीचं सगळं रुखमिणीबाई बघायच्या. चांदी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायची, सावलीत सुकवायची. जिथं कोरायचं नाही तिथं पातळ कागद चिकटवायचा, म्हणजे कलम घसरलं तरी ओरखडा कागदावर जातो. उजव्या हाताशी बशीत खडूची भुकटी ठेवायची. वासुदेवरावांनी बोटं तिच्यात बुडवायची आणि मगच कामाला हात लावायचा, कारण त्यांच्या हाताला घाम फार. आणि घामही असा, की बोट लागलं तिथं दुसऱ्या दिवशी चांदी पिवळी आणि मग काळी.

"तुमच्या हाताले मीठ जास्त हाय जी," त्या म्हणायच्या. "भाजीत बोट बुडवून द्या, मीठ टाकाचं काम नाही."

काम संपलं की ती वस्तू त्या मलमलीत गुंडाळून, सोबत खडूचा एक तुकडा घालून डब्यात ठेवायच्या. ओल असली तर ती खडू ओढून घेतो. वासुदेवरावांना यातलं काहीच कधी मागावं लागलं नाही. हात पुढे केला की बशी तिथं असायची. सगळ्या जन्मात त्यांनी ती बशी स्वतः एकदाही भरली नव्हती.

मागच्या श्रावणात रुखमिणीबाईंना कावीळ झाली. नागपूरला नेलं. जाताना गाडीत बसून गेल्या, येताना आडव्या आल्या.

ढोमण्यांकडे सवाष्ण गेलेल्या बाईचा चांदीचा टाक करतात. वर्षश्राद्ध झालं की पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तो देवघरात देवांच्या रांगेत बसवायचा. दोन बोटं रुंदीचा पत्रा आणि त्यावर उभी बाई, एवढीच ती वस्तू. पण चांदी तिच्या अंगावरचीच हवी, बाहेरची चालत नाही. रुखमिणीबाईंच्या पायपट्ट्या आणि जोडवी काढून ठेवली होती. वासुदेवरावांनी ती स्वतः वितळवली आणि ठोकून पत्रा केला. पायपट्ट्या झिजून झिजून अगदी हलक्या झाल्या होत्या, त्यामुळे पत्राही पातळच निघाला. तो बिघडला तर दुसरा करायला चांदी नव्हती.

टाकासाठी त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचा पितळी ठसा होता. पत्रा त्यावर ठेवून ठोकला की बाई उमटते. गोल तोंड, दोन मोठे डोळे, हातात कुंकवाचा करंडा. पवनी, आसगाव, पार लाखांदुराकडच्या गावांतल्या देवघरांत ही एकच बाई बसलेली होती. कुणाची ती आई होती, कुणाची सून, पण तोंड तेच. लोकांची त्याबद्दल तक्रार नसायची. वासुदेवरावांनी ठसा काढला, पुसला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पेटीत ठेवून दिला.

त्यांना रुखमिणीचं तोंड हवं होतं.

ते दुसरीकडे कुठं राहिलंच नव्हतं, हे खरं कारण. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, पण तो जुन्या फोटोवरून मोठा करून आणलेला. स्टुडिओवाल्यानं तोंड गोरं केलं होतं आणि भुवया सारख्या करून टाकल्या होत्या. रुखमिणीबाईंची एक भुवई मधेच तुटलेली होती. आसगाव त्यांचं माहेर. लहान असताना तिथल्या तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या, दगड लागला, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पुन्हा केस आले नाहीत. राग आला की तेवढीच जागा लाल व्हायची. स्टुडिओवाल्याला ते व्यंग वाटलं असेल. मोबाईलमधल्या फोटोंत त्यांना चष्मा होता, जाड काळ्या काड्यांचा, आणि भुवया बरोबर चष्म्यामागं.

वासुदेवरावांनी पत्रा लाखेवर बसवला. खडूची भुकटी स्वतः कुटली, बशी स्वतः भरली. आधी पाय काढले, मग लुगड्याच्या निऱ्या, मग करंडा धरलेले हात. तोंड शेवटी. तोंडाच्या रेघा खोल घेतल्या की बाई म्हातारी दिसते, म्हणून त्या उथळ घ्याव्या लागतात. डोळे झाले, नाक झालं, आणि भुवईवर कलम आलं तेव्हा हातानं आपणच एक रेघ घेतली, थांबला, दाण्याएवढी जागा सोडली आणि दुसरी घेतली. वासुदेवरावांना विचार करावा लागला नाही. भिंगातून पाहिलं तर पाटावरून रुखमिणी त्यांच्याकडे बघत होती, जेवायला या म्हणून तीनदा सांगून झाल्यावर बघायची तशी.

त्यांनी टाक लाखेवरून काढला, रिठ्याच्या पाण्यात धुतला, टिपला आणि मलमलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मलमल उघडली तर तोंडावर पिवळसर डाग.

भादव्याचे दिवस. वैनगंगा भरून वाहत होती, हवा ओली, दोरीवरचे कपडे दोन दिवस सुकत नव्हते. हवेनं झालं असेल म्हणून त्यांनी खडू पाण्यात कालवला, बोटाला कापड गुंडाळलं आणि डाग घासून काढला. डाग गेला. पण घासण्यात चांदीही जाते, आणि तिच्यासोबत रेघ. केसाएवढीच, पण जाते. त्यांना ते भिंगातून दिसलं.

पुढं दोन दिवसांनी डाग पुन्हा आला, या वेळी तपकिरी. वासुदेवराव तडक स्वयंपाकघरात गेले. सून मोना कांदा चिरत होती.

"हे काय करून राहिली तू?"

"भाजी करून राहिले मामाजी. कावून?"

"घरात चांदीचं काम सुरू हाय. कांदा चिरते?"

"इथं त आई बी चिरत होत्या. समोरच्या खोलीत नोको म्हणे, इथं चाले."

"तिच्या वेळेस कधी डाग पडला? सांग. पडला कधी?"

मोनानं सुरी खाली ठेवली. चिरलेला कांदा ताटलीत घेतला, मागच्या दारानं गेली आणि म्हशीच्या घमेल्यात टाकून आली. त्या दिवसापासून ढोमण्यांच्या घरात कांदा शिजला नाही. नाही तरी पितृपक्ष लागणारच आहे, असं तिनं भुपेंद्रला सांगितलं. भुपेंद्र म्हणजे वासुदेवरावांचा मुलगा, बसस्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान होतं.

डाग पुन्हा आला. सोड्याच्या गरम पाण्यात अॅल्युमिनियमचा कागद टाकून बुडवा, न घासता डाग जातो, असं भुपेंद्रनं मोबाईलवर काढून दाखवलं. वासुदेवरावांनी तेही केलं. डाग गेला, पण तोंड पीठ फासल्यासारखं पांढरं पडलं आणि पुन्हा चमक आणायला ओपणी फिरवावी लागली. ओपणी म्हणजे काडीला बसवलेला गुळगुळीत दगड. ती चांदी घासत नाही, दाबते. उथळ रेघ तिच्याखाली आणखी बसली.

मग त्यांचं लक्ष समोरच्या खोलीतल्या इन्व्हर्टरकडे गेलं.

"बॅटरीतून वास निघते," ते भुपेंद्रला म्हणाले. "त्या वासानं चांदी काळी पडते. हे इथून काढ."

"बाबा, सहा वर्षं झाले ते तिथंच हाय."

"त का झालं? काढ म्हटलं ना."

"कांदा बंद झाला, अंडे बंद झाले, आता इन्व्हर्टर बाहेर. मले सांगा, श्वास घ्याचा असन त तो बी मागच्या वाड्यात जाऊन घेऊ का?"

"घे. तिथं हवा चांगली हाय."

मोनाला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. भुपेंद्रनं दुकानातला पोरगा बोलावून इन्व्हर्टर मागच्या पडवीत नेला. त्या रात्री लाईट गेली तेव्हा तार पुरली नाही आणि सगळे अंधारात जेवले. मोनानं त्यांच्या ताटाशी मेणबत्ती आणून ठेवली.

डाग आलाच.

आता घासायची त्यांना भीती वाटत होती. भुवईच्या दोन रेघा अगदी सावलीसारख्या राहिल्या होत्या. दिवसा खिडकीशी टाक तिरपा धरला तरच दिसायच्या. नवमी जवळ आली होती. पाय तसेच होते, निऱ्या तशाच, करंडा तसाच चमकत होता. तोंड मात्र चुलीवरच्या भांड्यासारखं.

नवमीच्या आदल्या दिवशी साकोलीहून गुड्डी आली. थोरली मुलगी, तिकडे शाळेत शिपाई असलेल्या माणसाला दिलेली. याच घरात वाढलेली, लहानपणी आईसोबत मलमलीचे तुकडे फाडून देणारी. पिशवी ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "कुठं हाय आई?"

वासुदेवरावांनी मलमल तिच्या हातात दिली. गुड्डीनं ती उघडली आणि मग बराच वेळ नुसती बघत राहिली. डोळे भरून आले होते, ते तिनं खांद्यानं पुसले. हात टाकाला लागू दिला नाही, मलमलीतूनच धरून होती.

"तोंड चांगलं काढलं बाबा. पण काळं पडलं न."

"हवा खराब हाय. आन हे लोक." त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "कांदे चिरतात, मशीन लावतात. तुही माय होती त..."

"हवेनं?" गुड्डीनं टाक खिडकीशी नेला. "हवेनं पडला असता त सगळा पडला असता. पाय पाहा, कसे पांढरेशुभ्र हायत. निऱ्या पाहा. नुसतं तोंडच काळं हाय." ती थांबली. "बाबा, तुमी याले हात लावता काय?"

"मी?"

"मंग कोन?"

"वेडी झाली का व तू? एवढ्या वर्षांत मी कधी उघड्या हातानं चांदी धरली? कडा धरून उचलतो. फडक्यानं. विचार मोनाले."

मोना दारात उभी होती, चहाचे कप घेऊन. विचारल्यावर तिला आत यावं लागलं. तिनं कप पाटाच्या कडेला ठेवले, पुन्हा उचलले, खिडकीत ठेवले.

"सांग नं," वासुदेवराव म्हणाले.

"जाऊ द्या मामाजी."

"जाऊ काय द्या? सांग तिले."

"दुपारी जेवन झालं का तुमी खाटेवर बसता," मोना खाली बघून म्हणाली. "टाक मांडीवर घेता. मी चहा आनते तेव्हा तुमचे डोळे मिटून राहतात." तिनं आपल्या अंगठ्यानं दुसऱ्या हाताचा तळवा चोळला, वरून खाली, हळूहळू. "असं करत राहता. तोंडावरून."

बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गेला.

"रोज?" गुड्डीनं विचारलं.

"रोज."

वासुदेवरावांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. पेऱ्यावर काळपट चकाकी होती, चांदी चोळणाऱ्या बोटावर येते तशी. खडूच्या भुकटीत रोज बुडणारं बोट, त्यावर ती यायला नको होती. ती त्यांनी इतके दिवस पाहिली असणार आणि पाहिली नव्हती.

"मले काहून नाही सांगतलं?" त्यांचा आवाज चढला. "कांदा बंद केला मी तुहा. इन्व्हर्टर बाहेर नेला. अंधारात जेवले सगळे. अन तू चूप?"

"काय सांगू मामाजी? तुमी आईसोबत बसले राहत होते."

एवढं बोलून मोना आत गेली. चहा खिडकीत तसाच निवत राहिला.

संध्याकाळी भंडाऱ्याहून लक्ष्मणराव आले, वासुदेवरावांचे मोठे भाऊ. घरातलं सगळं देवाधर्माचं त्यांच्या शब्दानं व्हायचं. हातपाय धुऊन त्यांनी टाक मागितला, चष्मा वर करून पाहिला आणि खाली ठेवला.

"वासुदेव, हे असं नाही चालत गा."

"हो दादा."

"सोनाराच्या घरची सवाष्ण, आन तोंड काळं? उद्या पंगतीले लोक येतीन, काय म्हणतीन? सगळ्या तालुक्याचे टाक तू केले. घास चांगला. लख्ख कर."

"घासलं त रेघ जाते दादा. आता राहिलीच नाही जास्त."

"जाऊ दे न मंग. पुन्हा कोर. तुले का कठीण हाय?"

कठीण नव्हतं. पत्रा पातळ झाला होता, पण सांभाळून, हलक्या हातानं एकदा कोरता आला असता. वासुदेवराव पाटावर बसले. गुड्डीनं न सांगता बशीत खडू भरला आणि उजव्या हाताशी ठेवला. त्यांनी बोटं बुडवली, बोटाला कापड गुंडाळलं, खडूचा लेप घेतला.

"आधी सांगून ठेव," ते गुड्डीला म्हणाले. "घासल्यावर काहीच दिसनार नाही. डावी भुवई, मधे जागा सोडाची. बरोबर?"

"डावी नाही बाबा. उजवी."

"डावी व. तिची डावी."

"उजवी. मी लहान होती तेव्हा आई मांडीवर घेऊन वेणी घाले, मी वळून तिच्या भुवईत बोट घालत जाऊ. ह्या बाजूनं." तिनं स्वतःच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. "आन ती म्हणे, डोळा फोडते का भवाने."

"तू लहान होती. मी पंचेचाळीस वर्षं पाहिलं तिले. रोज सकाळी समोर बसून चहा पेलो. डावी होती."

"बाबा, उजवी."

लक्ष्मणराव म्हणाले, "असं काही होतं का तिच्या भुवईले? मले त कधी दिसलं नाही." मोनाला विचारलं. मोनानं मान हलवली. तिनं सासूला चष्म्याशिवाय पाहिलंच नव्हतं. भुपेंद्रला विचारलं, तो आधी उजवी म्हणाला, मग डावी, मग फोटो बघायला उठला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

वासुदेवरावांनी बोटाचं कापड सोडलं. भिंग डोळ्याला लावलं. टाक मलमलीत धरून दिव्याखाली नेला आणि हळूहळू तिरपा करत गेले. काळ्या डागात आधी काहीच दिसेना. मग एका कोनात उजेड रेघेत उतरला. नाक दिसलं, डोळ्याची कड दिसली. वर भुवया. एक सबंध. दुसरी मधे तुटलेली, दाण्याएवढी जागा मोकळी.

तुटलेली भुवई तिची उजवी होती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. टाक फिरवून, भिंग पुसून पाहिलं. उजवीच. पहिल्या दिवशी हातानं विचार न करता ती बरोबर जागी कोरली होती. मागाहून कधी तरी ती त्यांच्या डोक्यात डावीकडे गेली होती, आणि गेली तेव्हा त्यांना कळलंही नव्हतं. आज घासून नव्यानं कोरली असती तर डावीकडेच कोरली असती, आणि पुढं जन्मभर तिलाच रुखमिणी समजून हात जोडले असते.

आणखी काय काय सरकलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. नथ कोणत्या बाजूला होती ते त्यांनी घाईघाईनं आठवून पाहिलं. आठवलं. तिचा आवाज आठवून पाहिला. जेवायला या जी. तो आला, पण तो तिचाच होता की मोनाचा, हे त्यांना पटकन सांगता येईना.

"काय झालं बाबा?" गुड्डीनं विचारलं. "कोनती हाय?"

"तू म्हणते ते."

त्यांनी खडूची बशी बाजूला सारली. टाक मलमलीवर ठेवला आणि दोन्ही हात धोतराच्या सोग्याला पुसत बसले.

"घासत काहून नाही?" लक्ष्मणराव म्हणाले.

"नाही घासत दादा."

"म्हणजे?"

"आता घासलं त ती गेली. असाच बसवू."

"काळा? देवात?" लक्ष्मणराव उठून उभे राहिले. "अरे, डोकं हाय का ठिकानावर? लोक म्हणतीन, दुसऱ्याच्या बायकांचे टाक चकाचक करून दिले, आन स्वतःच्या बायकोचा पाहा!"

"म्हणू द्या."

"तुह्या धंद्यावर बोट ठेवतीन."

"बोट त मीच ठेवलं न दादा," वासुदेवराव म्हणाले. लक्ष्मणरावांनी थोडा वेळ खोलीत येरझारा घातल्या, मग पडवीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी नवमीला टाक बसला. शेजारच्या पुष्पाबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं, त्यांची ओटी भरली. वडे झाले, खीर झाली. लक्ष्मणरावांनी मंत्र म्हटले आणि टाकाकडे न बघता अक्षता टाकल्या. पुष्पाबाई पाया पडायला देवघरात वाकल्या आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. "दिसत नाही वं नीट," त्या मोनाला हळूच म्हणाल्या. "तोंड कोनतं हाय?"

"तेच, काळं," मोना म्हणाली. "आईच हायत."

टाक देवांत ठेवायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांनी तो वासुदेवरावांपुढं केला होता, रीतीप्रमाणे. वासुदेवराव हात जोडूनच उभे राहिले.

"मोना ठेवीन," ते म्हणाले. "माह्या हाताले घाम हाय."

मोनानं पदराच्या टोकात धरून टाक उचलला आणि खंडोबाच्या शेजारी उभा केला. मागं खडूचा एक तुकडा ठेवला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, सासूला करताना पाहिलं असेल.

"दर सणाले देव घासाचे राहतात," वासुदेवराव तिला म्हणाले. "चिंचेनं सगळे घास. हा नाही."

"नाही घासनार मामाजी."

"गुड्डीच्या घरून कोनी आलं, कोनी म्हटलं, तरी नाही. मी मेल्यावर बी."

"नाही म्हटलं न."

"आन मले हात लावू देजो नोको."

मोनानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. देवघराला लाकडी दार होतं, कधी न लावलेलं. ते तिनं पुढं ओढून घेतलं. बिजागरी गंजल्यामुळं ते अर्ध्यावरच अडलं.

पंगत उठली. गुड्डीला दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं, ती आईच्या लुगड्यांतलं एक पिशवीत घालून निघाली. लक्ष्मणरावही तिच्यासोबत स्टँडवर गेले. भुपेंद्रनं इन्व्हर्टर पुन्हा आत आणायचा का असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुकानात गेला. घर शांत झालं.

मोना चहा घेऊन आली तेव्हा वासुदेवराव नेहमीच्या खाटेवर बसले होते. डोळे मिटलेले. मांडीवर आज काही नव्हतं. उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा धोतरावरून फिरत होता, वरून खाली, हळूहळू, मधे एके ठिकाणी किंचित थांबत.

तिनं कप खिडकीत ठेवला आणि आवाज न करता परत गेली.